खंय आणि कुठे

मँडरिन शिकावी की कँटोनीज, हा प्रश्न चारकोपमध्ये सहसा कुणाला पडत नाही. मला पडला, कारण आमची अर्धी टीम हाँगकाँगला बसते. मीटिंग इंग्रजीत होते आणि संपत आली की ते आपापसात कँटोनीजमध्ये बोलू लागतात.

सगळे सांगतात, मँडरिनच घे. ती नव्वदेक कोटी लोकांची मातृभाषा, कँटोनीज आठेक कोटींची. मँडरिनचे सूर चार, कँटोनीजचे सहा. पुस्तकं, क्लास, परीक्षा, सगळं मँडरिनचं. वर हेही ऐकवतात, "कँटोनीज म्हणजे बोलीच ना?"

हे 'बोलीच ना' माझ्या ओळखीचं आहे. आमच्या घरात मालवणी. 'खंय चललंस?' ऐकत वाढलो आणि शाळेच्या वहीत 'कुठे चाललास?' लिहिलं. हाँगकाँगकराचंही तसंच. 'ते लोक' म्हणायला त्याच्या तोंडी 'खोय-देय', पण वर्तमानपत्रात छापून येतो तो मँडरिनचा शब्द. फरक एवढाच, की पुणेकराला मालवणी निम्मीअर्धी तरी कळते. बीजिंगच्या माणसाला कँटोनीज परभाषेसारखीच.

मुंबईत मात्र ही दक्षिणेकडची भाषा जुनी आहे. माझगावात १९१९ सालचं चिनी देऊळ आहे, 'सी यप कून'. सी यप म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातले चार परगणे. तीच अक्षरं मँडरिनमध्ये 'स्स यी' अशी वाचतात. उत्तरेत झिजून गेलेला शेवटचा 'प' माझगावात शाबूत आहे.

याउलट सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली ते चीनला गेले, उत्तरेच्या आघाडीवर जखमींवर उपचार करताना तिथली भाषा शिकले आणि पुढे तिच्यातूनच वैद्यक शिकवू लागले. किती कोटी लोक ती बोलतात, यापेक्षा समोरचा जखमी काय बोलतो हे त्यांना महत्त्वाचं होतं.

मी कँटोनीज घेतली. हा सौदा महागाचा आहे. वाचायचं तर मँडरिनचे शब्द शिकावेच लागतील, म्हणजे मेहनत दीडपट. उद्या नोकरी बदलली तर तिचा उपयोग जवळपास शून्य.

पण चारकोप म्हाडानं ऐंशीच्या दशकात प्लॉट पाडून वसवलेलं. एकेका सेक्टरात कुठकुठली माणसं. प्रमाण मराठी शिकून इथे आलेल्याला पत्ता सापडेल, भाजी मिळेल, सोसायटीची नोटीसही वाचता येईल. आमच्या घरातल्या जेवतानाच्या गप्पा मात्र त्याच्या डोक्यावरून जातील. मला हाँगकाँगच्या त्याच गप्पा कळायला हव्या आहेत.