बिनखेळाचे महिने

वसईहून शिकागोस येऊन स्थायिक झालो, तेव्हा क्रिकेटचे वेड आम्ही सोबत आणले होते. येथील बेसबॉलने आमच्या कुटुंबास केव्हा आपलेसे केले, ते आमचे आम्हांलाही उमगले नाही. एकेका संघाच्या वाट्याला मोसमात १६२ सामने येतात. उन्हाळाभर आमच्या घरची जेवणेदेखील शिकागो कब्स संघाच्या वेळापत्रकाप्रमाणे होत. मग ऑक्टोबरात रिग्ली फील्डच्या भिंतीवरील वेलींची पाने लाल होऊन गळू लागतात, सरोवरावरून बोचरे वारे सुटतात आणि पुढे पाच महिने मैदान मुके होते.

या मुक्या महिन्यांत चाहत्याने काय करावे, हे आम्हांला शेजारच्या आजोबांनी शिकविले. ते पोलिश वंशाचे, निवृत्त कामगार. पूर्वी हिवाळ्यात दुकानातील तापलेल्या शेगडीभोवती बसून लोक बेसबॉलच्या गप्पा हाणीत. त्यावरून खेळाविना चालणाऱ्या या चर्चेस 'हॉट स्टोव्ह लीग' असे नाव पडले. आजोबांची ही लीग आमच्या स्वयंपाकघरात भरे. कोणाचा करार संपला, कोणता खेळाडू कोणत्या संघाने घेतला, कोणाचा खांदा दुखतो, या काथ्याकुटात चहा निवून जाई. कधी ते सामन्यांच्या नोंदींची एखादी जुनी वही उघडीत आणि पेन्सिलीच्या खुणांवरून अख्खा सामना पुन्हा उभा करीत. बहुधा तो हरलेला असे.

पराभवांना तोटा नव्हता. कब्सनी १९०८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती. १९४५ नंतर तर तेथवर पोहोचणेही जमले नव्हते. तेव्हा आजोबा शाळकरी पोर होते. २००३ साली आणखी पाच खेळाडू बाद केले की प्रवेश निश्चित, अशा घडीला संघ कोसळला. "आजोबा, दरवर्षी कशाची वाट पाहता?" असे आमच्या थोरल्याने एकदा विचारले. पेन्सिलीला टोक करीत ते म्हणाले, "फेब्रुवारीत पिचर-कॅचर सरावाला जमतील. मग बघू."

२०१५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क मेट्सनी कब्सना ओळीने चार सामन्यांत हरविले. त्या हिवाळ्यात आजोबा अंथरुणास खिळले. डिसेंबरात बेन झोब्रिस्ट या खेळाडूशी करार झाल्याची बातमी आम्हीच त्यांना सांगितली. "हा उपयोगी पडेल," एवढेच ते बोलले. त्यानंतर आमचे जाणे विरळ झाले, हे येथे कबूल केले पाहिजे. सामना नाही, विशेष बातमी नाही, मग जाऊन बोलायचे काय, असे आम्ही मनाला समजावीत राहिलो. मोसम सुरू झाला की रोज जाऊ, असेही ठरविले होते. फेब्रुवारीत, पिचर-कॅचर ॲरिझोनात जमण्यास आठवडा उरला असता, आजोबा गेले. नव्या मोसमासाठी आणलेली कोरी वही आजींनी आमच्या हाती ठेवली.

त्याच वर्षी कब्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले. त्या दिवसांत लोक रिग्ली फील्डच्या बाहेरील विटांवर आपल्या दिवंगत माणसांची नावे खडूने लिहीत होते. आम्हीही आजोबांचे नाव लिहिले. निर्णायक सामना क्लीव्हलंड येथे २ नोव्हेंबर २०१६ रोजी, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी झाला. बरोबरी, मग पावसाने १७ मिनिटांचा खोळंबा, आणि दहाव्या डावात झोब्रिस्टच्याच फटक्याने आघाडी! ८-७ असा विजय मिळाला, तेव्हा शिकागोत मध्यरात्र व्हायला थोडा अवकाश होता. १०८ वर्षांची प्रतीक्षा संपली. आम्ही तो सामना आजोबांच्या वहीत उतरविला. हात कापत होता.

खडूची अक्षरे पुढे धुतली गेली. मैदान पुन्हा मुके झाले. त्या हिवाळ्यापासून आम्ही दर रविवारी आजींकडे जाऊ लागलो. आजींना बेसबॉलमधले फारसे कळत नसे. तरी कोणता खेळाडू कोणत्या संघात गेला, ते आम्ही त्यांना सविस्तर सांगत असू. आणि बातमी नसली, तरीही जात असू.