बदलीचा अर्ज

खोपोलीच्या कारखान्यात काम हाताला बसलं की माझं मन उडतं. मग नव्या नोकरीचे वेध. आई म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरीच आहे." असेल! पण कर्जतच्या भात संशोधन केंद्रातल्या लोकांचा हेवा वाटतो. कर्जत-३, कर्जत-७, संकरित सह्याद्री, हे सगळे भाताचे वाण तिथलेच. संकर करायचा तर इवल्याशा फुलाचं टोक कापून सहाही पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचा पराग झटकायचा, वर पिशवी. पुढे कित्येक पिढ्या निवड. शेत तेच, पण काम दरवेळी नवं: कधी दाणा बारीक हवा, कधी करप्याला दाद न देणारं रोप. असं काही आमच्या कारखान्यातच मिळालं तर? सोमवारी देखभाल विभागात बदली मागतो. तिथे रोज काहीतरी बिघडतंच.