आजीचं शेत आणि रंगूनची लढाई

एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलं तेव्हा घरात आनंदापेक्षा गोंधळच जास्त झाला. बाबांना वाटलं, पोरगा आता निवडणुकीला उभा राहणार. काका म्हणाले, "याने नोकरी लागते का?" आजी तेवढी म्हणाली, "शिकू दे त्याला. दोन घरांचा भांडन कसा मिटवाचा ता तरी कलंल."

आमचं गाव कल्याणच्या मलंग रोडवरचं. सकाळी टमटमने कल्याण, तिथून फास्ट लोकलने कुर्ला आणि पुढे कालिन्याची विद्यानगरी. कल्याणला चढलं की उभ्यानेच पुस्तक उघडायचं. डोंबिवली आली की गर्दी अशी आत घुसायची, की पुस्तक मिटायलाही हात खाली यायचा नाही. तेवढ्या दहा मिनिटांत मी मॉर्गेन्थाऊ वाचायचो. त्याचं 'पॉलिटिक्स अमंग नेशन्स' हे पुस्तक १९४८ सालचं. देश हिताचा विचार करतात आणि ते हित सत्तेच्या भाषेत मोजतात, हे त्याचं म्हणणं. इंग्रजी जड जायचं. मग रविवारी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन तोच विषय मराठीतून समजून घ्यायचा. पेपर मी मराठीतच लिहिले.

माझ्या दोन वह्या होत्या. एकीत आंतरराष्ट्रीय संबंध : अमेरिका, रशिया, चीन, सत्तासमतोल. दुसरीत महाराष्ट्राचं राजकारण : सहकार, साखर, शेतकरी चळवळी. एका वहीचा दुसरीशी काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका संध्याकाळी ओटीवर बसून मोठ्याने पाठ करत होतो. १९४२, फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. आजी सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"त्याच लराईन आमचा शेत गेला," ती म्हणाली.

आजीचं माहेर नेवाळीच्या बाजूचं. जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर इंग्रज सरकारने युद्धासाठी जागोजागी धावपट्ट्या बांधायला घेतल्या. त्यातली एक नेवाळीला. त्यासाठी आजूबाजूच्या गावांची मिळून सुमारे १,६०० एकर जमीन घेतली. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची. "मानसा आली, खुंट्या मारल्या. भात पोटरीला आलेला. लराई संपली का परत देव, असा बोलले. बाबा रोज बांधावर जाऊन बसं."

मी वही खाली ठेवली. रंगून पडल्यावर ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला आणि १९४३ साली मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं, हे मला पाठ होतं. त्याच वेळी मुंबईपासून पन्नासेक किलोमीटरवर भाताची खाचरं धावपट्टीखाली जात होती. ही दोन वाक्यं एकाच वहीत लिहायची असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"तुझे पुस्तकान हाय का आमचे शेताचा?" आजीने विचारलं.

विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात दोन दिवस बसलो. दुसऱ्या महायुद्धाची जाडजूड पुस्तकं चाळली. मागच्या सूचीत 'क' खाली कल्याण सापडेना. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "पुस्तकात काय शोधतोस? सातबारा काढ, फेरफार बघ." आजीला घेऊन तलाठ्याकडे गेलो. उतारा मिळाला. जिथे तिच्या बापाचं नाव असायला हवं, तिथे सरकार होतं. जुने कागद बघायला एका कचेरीत चार खेपा घातल्या. प्रत्येक वेळी सांगितलं, पुढच्या आठवड्यात या.

परीक्षेत 'राष्ट्रहित' या संकल्पनेवर प्रश्न आला. मी मॉर्गेन्थाऊ लिहिला आणि शेवटी नेवाळीचं उदाहरण दिलं. राष्ट्रहित ठरवतं कोण आणि त्याची किंमत कुणाच्या बांधापासून वसूल होते, असं काहीसं लिहिलं. मार्क बेताचेच पडले. तपासणाऱ्याला उदाहरण पटलं की नाही, कळलं नाही.

लढाई १९४५ला संपली, इंग्रज १९४७ला गेले. विमानं उतरायची थांबली, तशी माणसं परत त्या जमिनीत भात लावू लागली. कागदावर मात्र ती सरकारचीच राहिली आणि पुढे नौदलाकडे आली. २०१७च्या जूनमध्ये तिथे कुंपणाची भिंत उभी राहायला लागली आणि २२ तारखेला नेवाळी नाक्यावर आंदोलन पेटलं. गाड्या जळल्या, पोलीस आणि गावकरी दोन्हीकडची माणसं जखमी झाली. आजी तोवर गेली होती. बरं झालं म्हणावं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

मी आता एका ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. देशाला सैन्य लागतं, तळ लागतात, हे मुलांना सांगतोच. पण महायुद्धाचा धडा घेण्याआधी म्हणतो, घरी जा आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, लढाईत आपलं काय गेलं? भाल, द्वारलीकडची मुलं दुसऱ्या दिवशी बरंच काही घेऊन येतात. डोंबिवलीतली काही मुलं काहीच आणत नाहीत, आणि मग तीच जास्त लक्ष देऊन ऐकतात.

आजीचा प्रश्न माझ्याकडे पडून होता. म्हणून हे लिहिलं. आये, आता एका पुस्तकान हाय.