पातळ बलक, मऊभात

म्हाताऱ्या माणसांच्या ताटात जोखमीचं काहीही जाता कामा नये, असं माझं पक्कं मत होतं. ते आता राहिलेलं नाही. ब्रिस्टलच्या उत्तर भागातल्या एका केअर होमच्या स्वयंपाकघरात मी काम करतो. बायको नर्स आहे, तिच्या व्हिसावर आम्ही इथे आलो. त्याआधी कोल्हापुरात आमची खानावळ होती. मत का बदललं ते मोकळेपणाने सांगावंसं वाटतं, कारण आईवडील वृद्धाश्रमात असणं आता आपल्याकडेही नवलाचं राहिलेलं नाही.

आधीचं मत हवेतून आलं नव्हतं. इथल्या प्रशिक्षणात पहिल्यांदा इंग्लंडमधल्या वेकफिल्ड शहराची हकिगत कानावर पडली. ऑगस्ट १९८४ मध्ये तिथल्या स्टॅनली रॉयड या मनोरुग्णालयात साल्मोनेलाची साथ पसरली. शेकडो माणसं आजारी पडली आणि १९ रुग्ण दगावले. शिजवलेलं बीफ भर उन्हाळ्यात कित्येक तास फ्रिजबाहेर राहिलं होतं, एवढंच कारण. सरकारी हॉस्पिटलांच्या स्वयंपाकघरांना तेव्हा अन्नकायद्याखाली खटल्यापासून संरक्षण होतं. या मृत्यूंनंतर, १९८६ च्या कायद्याने, ते काढून घेतलं गेलं. वेकफिल्डच्या पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, कॅनडातल्या ऑन्टारियोमधल्या एका नर्सिंग होममध्ये ई-कोलाय ओ-१५७ मुळे १९ वृद्ध गेले. संशय सँडविचवर होता. १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या विशॉ गावात चर्चने वृद्धांना जेवायला बोलावलं आणि त्या जेवणातूनही हाच जंतू पसरला. तरुण माणूस ज्यातून दोन दिवस जुलाब होऊन उठतो, त्यात नव्वदीचा माणूस उठत नाही. वयाबरोबर पोटातलं आम्ल कमी होतं, वर आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतात, आणि प्रतिकारशक्ती थकलेली असते.

भाताचं तर मला जास्तच लागलं. खानावळीत रात्रीचा भात उरला की सकाळी फोडणीचा भात, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. उकळी आली, फोडणी बसली, की सगळं मरतं अशी समजूत. इथे शिकलो की बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजतानाच्या उकळीतही टिकतात, भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढतात, आणि त्यातून तयार होणारं उलट्यांचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे जे काही करायचं ते भात थंड करतानाच करायचं. परातीत पातळ पसरायचा आणि लवकरात लवकर फ्रिजमध्ये ठेवायचा. हे समजल्यापासून थर्मामीटर माझ्या खिशातून हलला नाही. शिजलेल्या पदार्थाच्या मधोमध ७५ अंश, वाढेपर्यंत ६३ च्या वर, आणि फ्रिज ५ च्या आत. कायदा ८ पर्यंत सूट देतो, आम्ही घेत नाही.

पण हीच कडक शिस्त मी सगळ्यालाच लावली. अंडं दगडासारखं उकडायचं. मांस कोरडं पडेपर्यंत भाजायचं. घरून आणलेला डबा दारातूनच परत. कुणी काही मागितलं की तोंडात पहिला शब्द ‘नाही’ यायचा, आणि त्या ‘नाही’ला मी काळजी समजत होतो.

आमच्याकडे एक इंग्रज आजी होत्या. रोज सकाळी त्या एकच गोष्ट मागायच्या: पातळ बलकाचं अंडं आणि त्यात बुडवून खायला टोस्टच्या बारीक पट्ट्या. या देशातल्या प्रत्येकाचं हे लहानपणीचं खाणं. मी रोज घट्ट अंडं पाठवायचो, आणि ते रोज एक घास तुटून परत यायचं. होमचा जुना नियम तसाच होता आणि मला तो मनापासून पटलेला होता.

एकदा फूड स्टँडर्ड्स एजन्सी या इथल्या सरकारी अन्नसुरक्षा यंत्रणेची माहिती चाळताना मी थबकलोच. डिसेंबर १९८८ मध्ये इथल्या आरोग्य खात्यातल्या मंत्री एडविना करी यांनी देशातली बहुतेक अंडी साल्मोनेलाने दूषित असल्याचं जाहीरपणे म्हटलं. अंड्यांचा खप कोसळला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पण पुढच्या काळात कोंबड्यांना लस देणं सुरू झालं, १९९८ पासून सिंहाचा लाल शिक्का असलेली अंडी आली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये एजन्सीने आपला सल्ला बदलला: ही शिक्क्याची अंडी लहान मुलं, गरोदर बायका आणि वृद्ध यांनी पातळ बलकाची खाल्ली तरी चालतील. प्रतिकारशक्ती अगदीच खालावलेल्या, डॉक्टरी देखरेखीखालच्या आहारावर असलेल्यांचा अपवाद तेवढा ठेवला. म्हणजे सरकारी यंत्रणेनेच पुरावा बघून मत बदललं होतं, आणि आमचं स्वयंपाकघर मात्र १९८८ च्या भीतीवर चाललं होतं.

मॅनेजरशी बोललो, नियम बदलून घेतला. शिक्का बघायचा, तारीख बघायची, अंडं उकळून लगेच द्यायचं, तयार करून ठेवायचं नाही. आजींची बशी त्या दिवशी पुसून आली. टोस्टचा कडेचा तुकडासुद्धा त्यांनी बलकात फिरवून खाल्ला होता.

त्यानंतर मी परत येणाऱ्या ताटांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. दारावर आमचा पाचपैकी पाचाचा स्टिकर आहे, कौन्सिलचे लोक न सांगता येऊन तपासून देतात तो. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे. पण ते लोक अन्न कसं हाताळलं जातं, जागा कशी आहे आणि कारभार भरवशाचा आहे का, एवढंच बघतात. ताटात किती उरलं याला त्यात गुण नाहीत. आणि ब्रिटनमधल्या पाहण्या सांगतात की केअर होममध्ये नव्याने येणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकाला कुपोषणाचा धोका असतो. न खाल्लेलं निर्जंतुक अन्न त्याच्या काय कामाचं? वजन घटतं, माणूस पडतो, जखमा भरत नाहीत. केअर होमसाठीच्या २०१४ च्या नियमावलीतला १४ वा नियमही पोषणाबद्दलच आहे, आणि माणसाची आवड, धर्म, संस्कृती यांतून येणाऱ्या वाजवी मागण्या पुरवाव्यात असं त्यात लिहिलेलं आहे.

मग आमच्याकडे एक मराठी आजी आल्या, मुलुंडच्या. पक्षाघातानंतर गिळायला त्रास, इंग्रजी शब्द विसरत चाललेले. मुलगी बसने डबा घेऊन यायची: मऊभात, तूप, मेतकूट. पूर्वी मी तो सरळ परत पाठवला असता.

“ताई, डब्यातला भात मी देऊ शकत नाही,” मी म्हटलं. “बसमध्ये तासभर कोमट राहिलेला असतो तो. पण भात मी इथे करतो. तुम्ही फक्त मेतकूट आणा.”

“तुम्हाला तसा जमेल का हो दादा? आईला अगदी गुरगुट्या लागतो.”

गुरगुट्या भाताचीच खरी परीक्षा होती. गिळायच्या त्रासासाठी इथे आयडीडीएसआय नावाची, अन्नाच्या मऊपणाच्या पायऱ्यांची पद्धत आहे. पाचव्या पायरीला भात चिकट गोळा होऊन चालत नाही आणि शितं सुटी राहूनही चालत नाही. ओलाव्याने एकत्र धरून राहायला हवा. स्पीच थेरपिस्टसमोर मी तो दोनतीनदा करून दाखवला. पहिल्यांदा खळीसारखा चिकटला. मग पाणी वाढवलं, घोटणं कमी केलं, वरून वरणाचं पाणी घातलं, तेव्हा काट्याने दाबला की सहज मोडायला लागला. मेतकुटात गहू आणि मोहरी असते, आणि इथल्या चौदा ॲलर्जनांच्या यादीत दोन्ही आहेत. म्हणून ताईंकडून काय काय घातलंय ते लिहून घेतलं, डब्यावर नाव-तारीख लावली आणि तो वेगळा ठेवला. थेरपिस्टने होकार दिला तेव्हा पहिली वाटी वर गेली.

हे सगळं करायला वेळ लागतो. ‘नाही’ म्हणायला काहीच लागत नाही. म्हणूनच इतक्या ठिकाणी ‘नाही’ म्हटलं जातं, आणि पुण्या-मुंबईतल्या वृद्धाश्रमांतही तेच होत असणार असं मला वाटतं. स्वयंपाक्याला शिकवलं, थर्मामीटर दिला, एकेका माणसाच्या ताटाचा विचार करायला सवड दिली, तर अर्ध्याहून जास्त ‘नाही’ गळून पडतील.

उरलेले मी सोडलेले नाहीत. गेल्या आठवड्यात एकाचा मुलगा वडिलांच्या वाढदिवसाला स्मोक्ड सामन घेऊन आला. वडिलांची केमोथेरपी चालू आहे. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो, आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी हे मासे न शिजवता खाऊ नयेत असा एजन्सीचा सल्ला आहे. मुलगा चिडला, आवाज चढवला. मी त्याला तो सल्ला छापून दिला आणि विचारलं, “शिजवून देऊ का? अंड्यात घालून, आतपर्यंत वाफ येईपर्यंत?” तो जरा वेळ कागद बघत राहिला आणि मग पाकीट माझ्या हातात दिलं. थर्मामीटरचा प्रोब खुपसून ७५ बघितलं आणि ताट वर पाठवलं.