दूधगंगेकाठी पावसाचे गणित

मृग कोरडाच गेला, आर्द्रा नक्षत्रही निम्मे सरले आणि आभाळ नुसते भरून येई व विरून जाई, अशा दिवसांत कोगनोळीस जाण्याचा योग आला. कागल मागे टाकून पुणे-बंगळूर महामार्ग दूधगंगेचा पूल ओलांडतो आणि पाट्यांवर कानडी अक्षरे दिसू लागतात. पुढे टोलनाका, मालमोटारींच्या रांगा, आणि महामार्ग सोडून आत वळले की निपाणी तालुक्यातले हे गाव. अक्षरे बदलली तरी कानांवर पडणारी बोली कागलचीच. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपणां वाचकांना याचे नवल वाटायचे नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे येथे घर आहे. सोप्यात पाऊल ठेवले तेव्हा बापलेकांत वाद चालला होता. सोयाबीनचे बियाणे पोत्यांत भरून तयार. वडिलांना त्याच दिवशी कुरी धरायची होती. मुलाचे म्हणणे, हवामानखात्याचा अंदाज चार दिवस थांबा असे सांगतो. पेरणी फसली तर दुबार बियाणे घेण्याइतका पैसा घरात नव्हता.

वडील मला म्हणाले, "गुरुजी, पंचांगात औंदा वाहन म्हैस हाय. म्हैस म्हंजे पाऊस जोरात. पर ही म्हैस अजून पान्हावली न्हाई. आता हा सांगतोय पुण्याच्या यंत्राचं ऐका. त्या यंत्राला माझं रान दिसतंय व्हय?"

प्रश्न रास्त होता. मी अंगणातल्या धुळीत बोटाने चौकटी आखल्या. म्हटले, "आभाळाच्या अशा चौकटी पाडतात, आडव्या, तशाच एकीवर एक उभ्याही. प्रत्येकीतले वाऱ्याचे बळ, उष्णता, हवेचा दाब आणि ओल मोजून मांडतात. एका चौकटीतले वारे शेजारच्या चौकटीत काय नेतील, हे पदार्थविज्ञानाच्या नियमांनी काढतात. मग थोड्या वेळाने काय होईल, त्यानंतर काय, अशी पायरी-पायरीने बेरीज पुढे न्यायची. यालाच गणिती प्रारूप म्हणतात."

ही कल्पना यंत्रांच्या आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिकेवर काम करीत असताना २० मे १९१० या एका जुन्या दिवसाचे हवामान हाताने गणून पाहिले. उत्तर साफ चुकले. हवेच्या दाबात प्रचंड बदल निघाला. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. तरीही १९२२ साली त्याने आपली सारी पद्धत चुकीसकट ग्रंथरूपाने छापली. हवामानाच्या पुढे धावायचे तर चौसष्ट हजार गणक माणसे एका भव्य सभागृहात बसवावी लागतील, असा त्याचा हिशेब होता. १९५० साली अमेरिकेत विद्युत्-गणकावर पहिले अंदाज काढले गेले, ते याच वाटेने.

आपल्याकडची कथा याहून जवळची आहे. अग्निबाणांच्या इंधनावर आयुष्य वेचलेले डॉ. वसंत गोवारीकर केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव असताना त्यांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे प्रारूप सिद्ध झाले. ते चौकटींचे नव्हते. हिमालयावरचा बर्फ, प्रशांत महासागराचे तापमान, ठिकठिकाणचे हवेचे दाब अशा खुणांचा मागील वर्षांच्या पावसाशी मेळ घालून ते साऱ्या देशाच्या हंगामाचा अंदाज देई. १९८८ पासून ते वापरात आले, आणि त्या वर्षी उत्तम पावसाचे भाकीत खरे ठरले. पुढे २००२ साल उजाडले. सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता, पडला ८१ टक्के. देशात दुष्काळ पडला. हवामानखात्याने प्रारूप बाजूस ठेवले आणि २००३ मध्ये नवे आणले.

येथे आजोबांनी मला थांबवले. "म्हंजे चुकलं, आन् चुकलं म्हणून बदललं?"

"होय," मी म्हणालो.

छत्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासताना मी हेच शिकलो आहे. पायऱ्या मांडलेले चुकीचे गणित दुरुस्त करता येते. नुसते उत्तर लिहिलेले, बरोबर असले तरी, कुणाला काही शिकवीत नाही. पंचांगातल्या म्हशीचा आम्हांस जिव्हाळा आहे, पण तिच्या पायऱ्या कुणी तपासू शकत नाही.

आता पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' हा महासंगणक २०२४ पासून आहे. सेकंदाला अकरा हजार लाख कोटींहून अधिक आकडेमोडी करण्याची त्याची क्षमता. त्याच संस्थेने घडविलेली, सहा किलोमीटरच्या चौकटींची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. आधीच्या चौकटी बारा किलोमीटरच्या होत्या. सहा किलोमीटरांतही आजोबांचे एकटे रान दिसत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. पण सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस दिसतो, आणि या गावाला तोच महत्त्वाचा. दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण, वेदगंगेवर पाटगावचे. तिकडे आभाळ फाटले की इकडे नद्या फुगतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर चढले आणि वाहतूक ठप्प झाली. पाऊस एका राज्यात पडला, रस्ता दुसऱ्यात बुडाला. प्रारूपाच्या चौकटींवर राज्याची शीव आखलेली नसते, हा त्याचा मोठा गुण मानावा लागेल.

आजोबा बराच वेळ धुळीतल्या रेघांकडे पाहत राहिले. मग पोत्यांकडे वळून म्हणाले, "निम्मं थांबवू न्हाईतर समदंच थांबवू. चार दिस."

परतताना पुलावरून पाहिले, तो दूधगंगा खडकांतून वाट काढीत होती. सातव्या दिवशी मुलाचा दूरध्वनी आला. पाऊस चौथ्या दिवशी नव्हे, सहाव्या दिवशी लागला होता. यंत्र दोन दिवसांनी चुकले, पण बियाणे वाचले. फोन वडिलांनी मागून घेतला आणि एवढेच विचारले, "गुरुजी, ही दोन दिसांची चूक पुण्याला कोण कळवतंय?"

मी सांगितले, गावोगावचे पर्जन्यमापक कळवतात. "मग बरं," ते म्हणाले.