डोंगरात जात नसते म्हणे!

आम्ही चौघे नेपाळला धावायला जाणार हे कळल्यावर अभ्यासवर्गातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सगळ्यांसमोर विचारले, "पैसे जास्त झाले का रे? वस्तीत अभ्यासिका चालवायला वर्गणी मागता आणि परदेशात जाऊन पळता? हे प्रस्थापितांच्या पोरांचे चोचले. कार्यकर्त्याला कशाला हवेत?"

प्रश्न झोंबला. उत्तर देता आले नाही म्हणून नव्हे, तर त्यात तथ्य होते म्हणून. आज जमेल तसे उत्तर देतो. शर्यतीला जाण्याआधी दिले असते, तर ते वेगळे आणि बरेच सोपे असते.

आमची ओळख एवढीच की आम्ही येरवड्याचे. दोन बाया, दोन पुरुष. एक शाळेत शिकवते, एक दवाखान्यात परिचारिका, एकजण कंपनीत, एकजण महापालिकेत. चार वर्षांपूर्वी एकीला मधुमेह निघाला आणि तिच्यासोबत म्हणून सगळेच पहाटे धावू लागलो. मग दर रविवारी सिंहगड. डोंगरवाटेवर बऱ्यापैकी दम टिकतो असे वाटू लागले तेव्हा अन्नपूर्णेच्या पायथ्याच्या डोंगररांगांतली पाच दिवसांची शर्यत समजली. पाच दिवसांत शंभराहून अधिक किलोमीटर, रोज ठरलेल्या गावापर्यंत, रोज ठरलेल्या वेळेच्या आत. प्रवेशशुल्क आम्ही आठ महिने भिशी लावून जमवले. विमान परवडत नव्हते. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, पलीकडे लुंबिनी आणि मग घाटातल्या वळणांनी पोखरा. भारतीयाला नेपाळचा व्हिसा लागत नाही, तेवढीच बचत.

लुंबिनीला एक दिवस थांबलो. नोव्हेंबर होता. १९५६ च्या नोव्हेंबरात, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर जेमतेम महिनाभराने, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला आले होते. प्रकृती पार ढासळलेली, तरी तिथे ते 'बुद्ध आणि कार्ल मार्क्स' या विषयावर बोलले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ते गेले. थकलेले शरीर किती चालवायचे असते हे आम्हाला कुठल्या धावण्याच्या पुस्तकातून शिकायचे नव्हते. असो. हे त्या दिवशी आम्ही एकमेकांना मोठ्या अभिमानाने सांगत होतो, म्हणून इथे लिहिले. पुढे काय झाले त्याच्याशी हा अभिमान ताडून बघावा लागतो.

शर्यत बिरेठाँटीहून सुटली. हे गाव हजार मीटरच्या आसपास, पहिल्या दिवसाचा मुक्काम घोडेपानीला, २८७४ मीटरवर. मधे उलेरीच्या दगडी पायऱ्या आहेत, तीन हजारांच्या वर. तिथे कोणी धावत नाही. गुडघ्यांवर हात टेकून, मान खाली घालून, पायरी मोजत चढायचे. खेचरांच्या घंटा ऐकू आल्या की डोंगराच्या अंगाला सरकायचे, दरीकडे नाही, कारण खेचराचे ओझे धक्का देते. पुण्यातून गेलेल्या माणसाला वाटते की सिंहगड केला म्हणजे झाले. पण सिंहगड दीड तासात संपतो, हे दिवसभर संपत नाही. दुसऱ्या पहाटे पूनहिलवरून धौलागिरी आणि अन्नपूर्णा दिसली आणि आमच्यातला सगळ्यात बडबड्या गडी दहा मिनिटे गप्प उभा राहिला. पुढे लालीगुराँसचे रान. फुले वसंतात येतात, तेव्हा नुसताच गर्द ओला काळोख. ताडापानी, आणि तिथून घान्द्रुककडे गुडघे फोडणारा उतार.

धावणाऱ्यांच्या जगात एक वाक्य फार चालते : डोंगर जात विचारत नाही. पुण्यातल्या धावण्याच्या गटात आम्ही ते शंभरदा ऐकले आहे. पहिले दोन दिवस आम्हालाही ते पटत होते, हे कबूल करतो. छातीवर आकडा, आडनाव नाही. युरोपातला निवृत्त माणूस आणि आम्ही एकाच बाकावर पाय पसरून फोडांना पट्टी लावतोय. हेच तर हवे होते आपल्याला, असे एकमेकांना म्हणालोसुद्धा.

आता पिशव्यांची गोष्ट.

शर्यतीत धावणाऱ्याच्या पाठीवर पाणी, शिट्टी, डोक्याचा दिवा, पावसाळी जाकीट एवढेच असते. झोपायची पिशवी, कपडे वगैरे मोठे सामान भरिया नेतो. दोन धावकांच्या पिशव्या एकत्र बांधायच्या, त्यांना नाम्लो लावायचा (कपाळावरून ओझे पेलणारा पट्टा) आणि चालू लागायचे. आमच्या चौघांचे सामान दोन भरियांकडे होते. दोघेही त्याच भागातले. रोज आम्ही धापा टाकत मुक्कामी पोहोचायचो तेव्हा पिशव्या आधीच भिंतीला टेकवलेल्या असायच्या. आमच्या पायांत महागडे बूट, त्यांच्या पायांत साधे कापडी. वेळ मोजायची झाली तर शर्यत रोज तेच जिंकत होते. पण त्यांच्या छातीवर आकडा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मुक्कामाच्या गावात जागा कमी पडली म्हणून आम्हाला मुख्य वाटेपासून बाजूला एका घरी उतरवले. गावाचे नाव लिहीत नाही. त्या बाईने आमचे जे केले ते खरोखर मायेने केले, आणि प्रश्न तिच्या एकटीचा नाही. तिने गरम पाणी दिले, चुलीजवळ बसवले आणि सहज विचारले, "थर?" म्हणजे आडनाव, कूळ. सोबतच्या वाटाड्याने आमच्यातल्या एकाकडे बघितले. त्याने आडनाव सांगितले. ते मराठ्यांतही आहे आणि आमच्यातही. वाटाड्या आपणहून म्हणाला, "छेत्रीसारखे, छेत्रीसारखे." बाई हसली.

आम्हीही हसलो. चौघेही.

दोन भरियांपैकी एक आमच्यासोबत आत बसला होता. दुसरा अंगणात. आमच्यातली परिचारिका कपडे वाळत घालायला बाहेर गेली आणि लगेच आत येऊन हळूच म्हणाली, "बाहेर बघा." बाईंची मुलगी किटलीतून त्याला चहा ओतत होती, वरून, किटलीचे तोंड पेल्याला लागू न देता. पेला त्याचा स्वतःचा, स्टीलचा, पिशवीतून काढलेला. चहा पिऊन त्याने तो नळाखाली नाही, दूर डबक्यातल्या पाण्यात धुतला आणि भिंतीवर पालथा घातला. मग तिथेच भाताची थाळी.

आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज होती का? आमच्या आज्यांनी हे सगळे सांगितलेले आहे. ओंजळ किती उंच धरायची, पाणी किती वरून पडते, मान कशी वळवायची. भाषा परकी होती, ती हातवारी नव्हती. १८५४ च्या मुलुकी ऐनात जंगबहादूर राणाने हे सगळे कायद्यात मांडून ठेवले होते : वर जानवेवाले, मधे मतवाली म्हणून गुरुंग-मगरांसारखे, आणि खाली 'पानी नचल्ने', ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही. कामी, सार्की, दमाई. खुकुरी घडवणारा कामी, लग्नात वाजवणारा आणि कपडे शिवणारा दमाई. ज्या खुकुरीवर अख्खा देश मिरवतो ती बनवणाऱ्याचे पाणी चालत नाही! १९६३ मध्ये नवा ऐन आला, २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा आला, २०१५ च्या संविधानात कलम २४ आले. २०२० च्या मे महिन्यात पश्चिम रुकुममध्ये नवराज बिक हा तरुण आपल्या प्रेयसीला आणायला मित्रांसह गेला, ती कथित वरच्या जातीची होती. सहा तरुणांचे जीव गेले. हे आम्ही वाचलेले होते, त्यावर वस्तीत निषेधसभाही घेतली होती. त्या सभेत जो सगळ्यात चांगला बोलला, तोच त्या रात्री चुलीजवळ बसून 'छेत्रीसारखे' ऐकून हसला होता.

रात्री आम्ही भांडलो. एकजण म्हणाला, आपण खोटे कुठे बोललो, आडनावच सांगितले. दुसरी म्हणाली, खोटे बोललो असतो तर निदान कष्ट तरी घ्यावे लागले असते. तिसऱ्याचे म्हणणे असे की थकवा होता, थंडी होती, चूल होती. हे तिन्ही खरे आहे. चुलीची ऊब किती स्वस्तात मिळते आणि माणूस तिच्यासाठी काय काय गिळतो, हे आम्हाला सिंहगडाने शिकवले नव्हते.

चौथ्या दिवशी आमच्यातली शिक्षिका पायाच्या फोडांमुळे वेळेच्या बाहेर गेली. क्रमवारी संपली, पण वाट संपलेली नव्हती. आम्ही तिघांनीही घड्याळ सोडले आणि तिच्याबरोबर चालू लागलो. लान्द्रुकच्या पुढे एका चौतारीवर तो भेटला. चौतारी म्हणजे पिंपळाखालचा दगडी पार, भरियाला पाठीवरचे ओझे न उतरवता टेकवता यावे इतक्या उंचीचा बांधलेला. तो बिडी ओढत होता. आम्ही शेजारी बसलो आणि मोडक्या हिंदीत बोलणे सुरू झाले. तर हिंदी त्याची आमच्यापेक्षा बरी! दोन वर्षे पुण्यात होता, एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन. कुठे, तर आमच्यापासून चार किलोमीटरवर.

"तिथे कोणी थर विचारली?" 

"नाही. नावच नाही विचारले. बहादूर म्हणायचे सगळे."

मग आम्ही त्याला सांगितले, आम्हीही पानी नचल्ने. आमच्या आजोबा-पणजोबांचे पाणी चालत नव्हते. त्यासाठी बाबासाहेबांना महाडला जाऊन तळ्याचे पाणी प्यावे लागले. त्याने बिडी विझवली आणि आमच्या बुटांकडे बघितले. "काल तर तुम्ही आत होता," एवढेच म्हणाला. रागाने नाही. हिशोब विचारावा तसा.

त्यानंतर त्याने विचारले, या पळण्याचे किती पैसे भरले? आम्ही सांगितले नाही. काहीतरी पुटपुटलो.

इथे आजोबांबद्दल सांगायला हवे. आमच्यातल्या एकाचे पणजोबा सातारा जिल्ह्यातले वतनदार महार. वतनदार म्हणजे काय? तर गावात मयत झाले की सांगावा घेऊन धावायचे, पाहुण्यांच्या गावी, रात्री, पावसात. सरकारी टपाल न्यायचे. सारा तालुक्याला जाताना सोबत जायचे. अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे. बदल्यात शिळी भाकरी आणि चिमूटभर जमीन. या वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. म्हणजे धावणे आमच्या घरात नवीन नाही. नवीन आहे ते कोणाचा हुकूम नसताना धावणे. ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या प्रश्नाला आम्ही जे सोपे उत्तर देणार होतो ते हेच होते : आमचे शरीर तीन पिढ्यांपूर्वी गावाच्या मालकीचे होते, आज ते आमचे आहे, आम्ही ते कशालाही झिजवू. फुकट झिजवू. ज्याला चोचला म्हणतात तो आमच्या पणजोबाला परवडत नव्हता, म्हणून तो आम्ही करणारच.

हे उत्तर अजूनही आम्ही मागे घेतलेले नाही. पण ते उत्तर देणाऱ्याचे सामान कपाळावर पेलून कोण नेत होते, आणि का, हे त्यात येत नव्हते.

शेवटच्या मुक्कामी जेवण होते, सगळ्यांचे एकत्र. आम्ही आयोजकांकडे गेलो आणि म्हणालो, सगळे भरिया याच टेबलांवर, याच ताटांत जेवतील. गृहस्थ आधी म्हणाले, स्थानिक चालीरीतींत आम्ही पडत नाही, खेळात जात आणू नका. आमच्या शिक्षिकेने त्यांना शांतपणे विचारले, "आम्ही आणली?" मग ते जरा वेळ गप्प राहिले आणि खुर्च्या मांडायला सांगून आले, हेही लिहायला हवे. बहुतेक भरिया येऊन बसले. तो आला नाही. आम्ही बोलवायला गेलो तर म्हणाला, "दाइ, तुम्ही उद्या जाल. परवा मला हेच ओझे घेऊन याच घरांवरून जायचे आहे. इथले लोक बघत आहेत." आणि आपला पेला काढला.

आमच्यातली परिचारिका आपले ताट घेऊन त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली. मग आम्हीही. तो खूश झाला असे म्हणता येणार नाही, जरा अवघडलाच. पण परिचारिकेने त्याच्या पेल्यातले पाणी मागितले तेव्हा त्याने दिले.

पाचव्या दिवशी धम्पुसला शर्यत संपली. तिघांना पदक मिळाले, शिक्षिकेला मिळाले नाही. माछापुच्छ्रे समोर स्वच्छ दिसत होता. पोखऱ्याला निघताना आम्ही त्याला शुल्काचा खरा आकडा सांगितला. त्याने मनातल्या मनात भागाकार केला, किती दिवसांची मजुरी होते ते, आणि मान हलवली. बक्षिशी दिली ती घेतली. फोन नंबर घेतला. दिवाळीनंतर पुण्यात काम मिळेल का म्हणून परवाच त्याचा फोन आला होता, वॉचमनचे नको म्हणाला. बघतो आहोत.

आता ज्येष्ठांचा मुद्दा. अभ्यासिकेची वर्गणी आमची थकलेली नाही, पावत्या आहेत. बाकीच्या प्रश्नावर मात्र अजून वाद व्हायला हवा, आणि तो आम्हाला आपल्याशीच घालायचा आहे. रविवारी पहाटे पाचला आतकरवाडीला या, सिंहगडाच्या पायथ्याशी. चढता चढता बोलू. पाण्याची बाटली आणू नका, आमच्याकडे आहे.