ओवी कुणाची?

आमच्या इंदापूरला आषाढात तुकोबांची पालखी मुक्कामाला असते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. दारोदारी पाण्याचे हंडे, पिठल्याची पातेली, ओट्याओट्यावर बायकांची भजनं. मालोजीराजांच्या गढीचं हे गाव त्या दिवशी निव्वळ टाळ-मृदंगाचं होऊन जातं.

गेल्या आषाढात मात्र त्या भजनांनी माझी झोप उडवली. वारीवर मी चार ओव्या रचल्या होत्या. बी.ए.ला मराठी घेतल्याची तेवढीच खूण! वही बायकांत फिरली, आणि पालखीच्या रात्री पलीकडच्या आळीतल्या एका बाईंनी त्याच ओव्या गायल्या. "यांनी स्वतः रचलेल्या," असं सांगणाऱ्यानं सांगितलं, आणि बाई नुसत्या हसल्या. मी गर्दीत उभी, हातात वारकऱ्यांसाठी भाकऱ्यांची टोपली! घरी येऊन रडलेच. हे म्हणाले, "अगं, चार ओव्याच ना? आणखी कर." पुरुषांना काय कळतंय!

सासूबाई मात्र हळूच म्हणाल्या, "त्यातली दुसरी माझ्या आईची नव्हे का गं? जात्यावर म्हणायची ती."

मी चमकले. खरंच की! सासूबाई धान्य निवडताना ती गुणगुणतात. कानात इतकी मुरली होती, की कागदावर उतरली तेव्हा मला माझीच वाटली. आता सांगा मैत्रिणींनो, मी फिर्यादी की आरोपी?

हा प्रश्न मनात घेऊनच दिवाळीच्या सुट्टीत मी बारामतीला गेले. मुलीला शाळेसाठी मोरोपंतांवर लिहायचं होतं. पुस्तकातलं उतरवून काढण्यापेक्षा गाव तरी बघ, म्हटलं. एस.टी.नं पन्नासेक किलोमीटर. पालखी ज्या वाटेनं येते, त्याच वाटेनं आम्ही उलट्या निघालो. निमगाव केतकीचे पानमळे, गोल रिंगणाची बेलवाडी, सणसर, मग पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं ती काटेवाडी. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस.

बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा जुना वाडा आहे. मोरोपंत पराडकर मूळचे पन्हाळ्याचे, जन्म १७२९ चा. नाईकांच्या आश्रयानं ते इथे राहिले, पुराण सांगत, आर्या रचत, आणि १७९४ मध्ये इथेच वारले. रामायण, महाभारत, भागवत हेच त्यांचे विषय. एकट्या रामायणाचीच त्यांनी एकशे आठ रूपं केली, असं सांगतात.

"एकशे आठ वेळा तीच गोष्ट? म्हणजे कॉपीच की गं आई!" मुलगी म्हणाली.

मी तिला निरोष्ठ रामायणाचं सांगितलं. प, फ, ब, भ, म ही ओठाला ओठ लावून म्हणायची अक्षरं टाळून पंतांनी एक रामायण रचलं. तिथल्या तिथे तिनं "राम" म्हणून पाहिलं. ओठ मिटले! लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमानही गेला. नदीकाठी बराच वेळ तिची पुटपुट चालली होती. मग एकदम ओरडली, "दाशरथी! दाशरथी म्हणता येतं!" तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला आणि मला माझं उत्तर अर्धं मिळालं. गोष्ट वाल्मीकींची, पण कष्ट पंतांचे. आपण गोधडी शिवतो तेव्हा लुगडी आजीची, आईची असतात, टाके मात्र आपले. आणि लुगडं कुणाचं, ते आपण लपवत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर परतीच्या एस.टी.त सुचलं. नामदेवांनी स्वप्नात येऊन आपल्याला जागं केलं, कवित्व करायला सांगितलं, हे तुकोबांनी अभंगातच सांगून ठेवलं आहे. एवढा मोठा कवी, पण घेतलं ते मोकळेपणी सांगतो. उलट सालोमालोची कथा. तुकोबांच्या अभंगांतलं नाव काढून तो आपलं घाली, म्हणतात. घेणं दोघांचंही, एकानं नाव सांगितलं, दुसऱ्यानं पुसलं.

जात्यावरच्या ओव्यांना तर नावच नसतं, असं आपण सहज म्हणतो. पण हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखावर ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारीचं नाव आणि गावही टिपून ठेवलं. आपण घरातल्या घरात तेवढं तरी करतो का?

संक्रांतीला वाण घेऊन मी त्या बाईंकडे गेले. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "वहीवर नाव नव्हतं हो. वाटलं, जुन्याच ओव्या आहेत. तो स्वतः रचलेल्या म्हणाला तेव्हा बोलायला हवं होतं, पण टाळ्या पडत होत्या." टाळ्यांचा मोह मला ठाऊक नव्हता थोडाच! आम्ही तिळगूळ खाल्ला. यंदा पालखीला दोघी मिळून गाणार आहोत, नावं सांगून.

घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर नावं लिहायला बसले. सासूबाईंच्या आईचं नाव विचारलं, तर ते घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं! सासूबाईंनी सांगितलं, मी दुसऱ्या ओवीखाली ठळक लिहिलं. त्यांना अक्षरं जेमतेम लागतात. पण त्या नावावरून त्यांनी कितीतरी वेळ बोट फिरवलं.